काटेवाल्यांचा गुडघा

वजनाचा काटा बिघडला की नदीच्या अलीकडच्या काठावरचे सगळे दुकानदार एकाच माणसाकडे जायचे. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. खरं नाव होतं, पण ते बाहेर काढायची वेळ बँकेत आणि मतदानाच्या दिवशीच यायची. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, आणि ते इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत येऊन बसलं की मालकांनाच बाहेर उभं राहावं लागे. भिंतीवर पितळी पारडी, दांड्या आणि लहानमोठ्या स्प्रिंगा टांगलेल्या. रॉकेलचा वास तर त्यांच्या सदऱ्याला कायमचा चिकटला होता.

दुरुस्ती झाली की ते पारड्यात वजन ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि काटा बसेपर्यंत कोणालाही तोंड उघडू द्यायचे नाहीत.

"अहो, मला घाई आहे," गिऱ्हाईक म्हणायचं.

"तुम्हाला असेल. काट्याला नाहीये."

थरथरणारी वस्तू हळूहळू शांत होताना बघण्यात या माणसाला काय सुख वाटायचं कोण जाणे! त्यांची बायको म्हणायची, "लग्न झालं तेव्हापासून माझ्याकडे काही इतक्या प्रेमानं बघितलं नाही कधी."

तरुणपणी ते लढाईवर गेले होते. परत आलेले काही जण लढाई जन्मभर सांगत बसतात, काही त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काटेवाले दुसऱ्या जातीतले. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "मी पूल बांधायचो," आणि हातोडी उचलायचे.

लेक लग्न होऊन नदीपलीकडे गेली. जावई बस चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. समोरच्या काचेतून रस्ता बघत मागच्या प्रवाशांशी गप्पा मारायची सवय असल्यामुळे घरीसुद्धा तो भिंतीकडे बघून बोलायचा. काटेवाल्यांना तो मनापासून आवडायचा. दर रविवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून लाँचने पलीकडे जायचे, जेवायचे, जावयाचं बोलणं ऐकता ऐकता खुर्चीतच डुलकी काढायचे आणि संध्याकाळच्या लाँचने परत यायचे. त्या काळी नदी ओलांडायला लाँचच होती. पूल होता तो एकच, फार वरच्या अंगाला, मालगाड्यांचा.

मग महापालिकेने पूल बांधायचं ठरवलं. त्याच सुमाराला माजी सैनिकांच्या संघटनेला स्मारक हवं होतं. संघटनेचा प्रमुख म्हणजे काटेवाल्यांचा जुना दोस्त. पलटणीच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा म्हणून त्याला ढोल म्हणत, आणि पोटाकडे बघता ते नाव वयोमानाने जास्तच शोभू लागलं होतं. ढोल सभेत उभा राहून म्हणाला, "पुतळा नको. पुतळ्यावर कबुतरं बसतात. हा पूलच आपल्या नावाने करायला सांगू. रोज हजारो माणसं जातील-येतील, आपला काहीतरी उपयोग तरी होईल."

सगळ्यांनी हात वर केले. काटेवाल्यांनीही केला, तोही अगदी उत्साहाने, कारण महापालिकेचा पूल आपल्या हयातीत काही होत नाही अशी त्यांची पक्की खात्री होती. पण महापालिकेने आयुष्यात एकदाच एक काम वेळेवर केलं आणि ते नेमकं काटेवाल्यांच्या मुळावर आलं.

पूल देखणा झाला. दोन्ही कठड्यांवर धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांवर शहरातून लढाईवर गेलेल्या प्रत्येकाचं नाव कोरलं. मेलेले वेगळे, परतलेले वेगळे असा भेद केला नाही. काटेवाल्यांचं नाव पुलाच्या बरोब्बर मध्यावर आलं. उद्घाटनाच्या दिवशी सगळे म्हातारे बिल्ले लावून पुलाच्या तोंडाशी जमले. रस्ता आणि पूल जिथे मिळतात तिथे दातेरी लोखंडी पट्टी असते. काटेवाल्यांनी तिच्यावर पाय ठेवला, तेवढ्यात पलीकडच्या बाजूने एक रिकामी बस गेली. पट्टी पायाखाली किंचित थरारली, आणि काटेवाल्यांची पाचावर धारण बसली.

"काय झालं रे?" ढोलने विचारलं.

"गुडघा," काटेवाले म्हणाले. तोंडात जे आलं ते बोलून गेले.

त्यांना बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि बाकीचे चालत पलीकडे गेले. त्या दिवसापासून काटेवाल्यांचा गुडघा जो दुखायला लागला तो लागलाच. लाँच बंद झाली, कारण आता पूल होता. बसचा थांबा दुकानासमोरच आला. रविवार आला की गुडघा धरायचा. मग कधी हवा दमट, कधी पोट बिघडलेलं, कधी एखादा सराफ म्हणे उद्याच काटा मागतोय. बायको एकटीच बसने लेकीकडे जायची आणि यायची. ती एक दिवस शांतपणे म्हणाली, "अहो, काल उजवा होता."

"काय उजवा?"

"गुडघा. आज डाव्या पायाने लंगडताय."

काटेवाल्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि त्यानंतर मात्र नीट उजव्या पायानेच लंगडले.

खरी गोष्ट अशी होती. लढाईत त्यांच्या तुकडीने एका नदीवर लाकडाचा तात्पुरता पूल टाकला होता. पायदळ एका तालात पाय आपटत अशा पुलावरून गेलं तर पूल त्याच तालावर झुलायला लागतो, म्हणून पुलाच्या तोंडाशी हुकूम द्यायचा, "कदम मोडा!" मग ज्याने त्याने आपापल्या चालीने, बाजारात निघाल्यासारखं चालायचं. त्यांच्या पलटणीची आणखी एक रीत होती. ज्याने हुकूम दिला त्यानेच सगळ्यांच्या पुढे चालायचं, आणि पलीकडे पोचल्यावर त्यानेच "कदम मिळवा!" म्हणायचं. तोवर कोणी ताल धरायचा नाही. हुकूम देणारा पुढे असला म्हणजे मागच्यांना धीर येतो, हे त्यातलं इंगित.

त्या दिवशी पलीकडे कोणी मोठा अधिकारी उभा होता. तुकडीच्या म्होरक्याला त्याच्यापुढे ऐट दाखवायची हुक्की आली आणि त्याने हुकूमच दिला नाही. धाड धाड करत तुकडी पुलावर चढली. मध्यावर पूल आधी थरथरला, मग डुलायला लागला आणि मग एका बाजूने सरळ पाण्यात बसला. काटेवाले फळ्यांच्या खाली गेले. वर यायला बघावं तर डोक्यावर लाकूड. हाताने चाचपावं तर सगळीकडे लाकूड. शेवटी तुकडीच्या आचाऱ्याने पातेलं उचलायच्या लोखंडी आकड्याने त्यांची कॉलर धरून त्यांना बाहेर ओढलं.

आणि कोणीही मेलं नाही. सगळेच्या सगळे ओले होऊन काठावर आले. एकाचे बूट गेले तेवढेच. संध्याकाळी त्यावर विनोदसुद्धा झाले, आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते काटेवाले.

हीच तर अडचण होती. कोणाचा पाय गेला होता, कोणाचा डोळा, कोणाचा सख्खा भाऊ. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं काय, तर मी एकदा पाण्यात पडलो होतो? कोणी मेलं असतं तर सांगता तरी आलं असतं. इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नव्हती. रस्त्यात पूल येईल असं काही त्यांनी आयुष्यात येऊच दिलं नाही, आणि ते इतक्या बेमालूमपणे की कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

इकडे लेकीच्या घरी मात्र भलतंच शिजत होतं. लाँचच्या शेवटच्या रविवारी जावई जेवता जेवता हसत म्हणाला होता, "आता काय, पूल झाला. बाबा रोज येणार. मग आम्हालाच घर सोडून पळावं लागणार!" काटेवालेही हसले होते. पण त्यानंतर ते एकदाही आले नाहीत. लेकीने दोन गोष्टी जोडल्या आणि नवऱ्याच्या मागे लागली. जावयाच्या जिवाला ते बोलणं असं लागलं की बस चालवतानाही तो गप्प राहायला लागला. प्रवासी विचारायचे, बरं नाही का? तो एकदा भर दुपारी दुकानासमोर बस थांबवून उतरलासुद्धा.

"बाबा, चला ना. माझ्या बसने नेतो. दारात सोडतो."

"गुडघा," काटेवाले म्हणाले.

"बसमध्ये बसायचंच आहे, बाबा. चालायचं कुठे आहे?"

 काटेवाल्यांनी हातातला काटा पुसायला घेतला. मागच्या बसवाल्याने हॉर्न दिला आणि जावई पडलेल्या चेहऱ्याने परत गेला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. बसलीच नाही. दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "बाबा, ते थट्टेत एक वाक्य बोलले. त्याची इतकी शिक्षा? रात्री झोपत नाहीत ते. आई येते तेव्हा दारात तुम्हाला शोधतात."

"तसं काही नाहीये गं."

"मग कसं आहे? सांगा ना." ती थांबली. काटेवाल्यांनी समोरच्या काट्यात वजन ठेवलं. "पूल तुमच्या नावाने झाला आणि तुमचंच येणं बंद झालं. ठीक आहे. तुम्ही आमच्याकडे येणार नसाल तर मीही इकडे येणार नाही. आईला तिकडे भेटेन."

ती गेली. एक किराणावाला काटा घ्यायला आला होता, त्याने गडबडीने जिन्याकडे तोंड फिरवलं. काटेवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदा काटा बसलेला दिसला नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग त्यांनी एकट्याने प्रयत्न सुरू केले. उजाडताना उठायचं, फिरायला जातो म्हणून सांगायचं आणि पुलाच्या तोंडाशी जायचं. लोखंडी पट्टीपर्यंत पाय व्यवस्थित चालायचे. तिथे गेलं की घोडं पेंड खायचं. एकदा एक पाय पट्टीपलीकडे टाकून ते बराच वेळ उभे राहिले. झाडूवाली बाई म्हणाली, "काका, बाजूला व्हा की, झाडायचंय." त्यांनी पाय मागे घेतला आणि घरी आले.

पुलाला वर्ष झालं तेव्हा संघटनेने पुन्हा चालत जायचं ठरवलं. एका बाजूची वाहतूक थांबवायची, शाळेचा बँड पुढे, त्यामागे म्हातारे. "तू फक्त ये," ढोल म्हणाला. "बाकावर बस. लोकांना संख्या दिसू दे."

काटेवाले गेले. बरोबर बायको होती. पलीकडच्या टोकाला गर्दी दिसत होती, आणि त्या गर्दीत कुठेतरी लेक असणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण तिचं घर तिथून दिसायचं. ते बाकाजवळ उभे राहिले. महापालिकेच्या इंजिनिअर बाई पिवळं जाकीट घालून फिरत होत्या. बँड सुरू झाला. ढोल ओरडला आणि ते सगळे म्हातारे, ज्यांना घरी मोजा घालताना भिंत धरावी लागते, ते छाती काढून पाय आपटत निघाले. डावा, उजवा, डावा, उजवा. धाड, धाड, धाड. पहिली रांग पट्टीवर पोचली.

"कदम मोडा!"

एवढा मोठा आवाज कोणाचा म्हणून काटेवाल्यांनीच दचकून इकडेतिकडे बघितलं. आवाज त्यांचाच होता. पोटातून कधी निघाला ते त्यांनाही कळलं नाही. बायको तोंडाला पदर लावून त्यांच्याकडे बघत राहिली. आणि रांगेतला एकूणएक म्हातारा जागच्या जागी थांबला. बँडची पोरं थोडी पुढे गेली, मग त्यांचाही ताल बिघडला आणि ती थांबली.

इंजिनिअर बाई धावत आल्या. "आजोबा, घाबरू नका. या पुलावरून तुम्ही हत्ती नाचवत नेलेत तरी याला काही होणार नाही."

"याला नाही होणार," काटेवाले म्हणाले. "आम्हाला होतं."

त्यावर कोणी हसलं नाही. रांगा तशाच उभ्या होत्या. काटेवाले वाट बघत होते की हे आता जातील. पण ते जाईनात. सगळे माना वळवून त्यांच्याकडेच बघत होते, आणि मग काटेवाल्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हुकूम देणाऱ्याने पुढे चालायचं. त्याच्याशिवाय कोणी पाऊल उचलायचं नाही. त्यांच्याच पलटणीची रीत, आणि या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेली.

"ये रे," ढोल म्हणाला. "हुकूम दिलास ना? मग पुढे हो. ऊन वाढतंय."

"ढोल्या, मला नाही जमणार."

"गुडघा?"

काटेवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग ढोलच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "गुडघ्याला काही झालेलं नाही. मला पुलाची भीती वाटते. लाकडाचा पूल पडला होता तेव्हापासून. हसू नकोस. कोणी मेलंसुद्धा नव्हतं त्यात."

ढोल हसला नाही. "मी अजून संडासाची कडी लावत नाही," तो म्हणाला. "घरच्यांना वाटतं विसरतो. कोणी मेलं नाही म्हणूनच तर चालायला एवढे जण आहोत. चल."

काटेवाल्यांनी पाय उचलला. पट्टीपलीकडे ठेवला. दुसरा उचलला. मागे सगळे निघाले, कोणी फेंगडं, कोणी काठी टेकत, कोणी कठड्यावरची नावं वाचत, बाजारात निघाल्यासारखे. ताल कुठेच नव्हता. नुसती पायांची सरमिसळ. त्या आवाजाने काटेवाल्यांना इतकं बरं वाटलं की पट्टीपासून रोखून धरलेला श्वास त्यांनी पुलाच्या चौथ्या दिव्याशी सोडला.

मध्यावर पलीकडच्या बाजूने एक बस गेली. पूल थरारला. काटेवाल्यांनी कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला. बायकोने काही विचारलं नाही. शेजारी उभी राहून ती हळूच म्हणाली, "बोलू नका. काटा बसतोय."

पूल थरारला, कमी थरारला, आणि मग शांत झाला. काटेवाल्यांनी ते पायांच्या तळव्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कठडा सोडला. त्यांच्या हाताखालीच त्यांचं नाव होतं, पण ते त्यांनी बघितलंच नाही. बायकोने नंतर सांगितलं तेव्हा कळलं.

पलीकडची पट्टी ओलांडून ते रस्त्यावर उतरले तेव्हा लेक समोर उभी होती. हात बांधलेले, चेहरा कडक. पण डोळे कडक नव्हते.

"बाबा, गुडघा?"

"गुडघ्याला कधीच काही नव्हतं. मला पुलाची भीती वाटत होती, बाळ. आजही वाटते."

 "पुलाची?" तिने विचारलं. "म्हणजे यांच्यावर राग नाही?"

"त्याच्यावर कसला राग? त्याची बडबड ऐकल्याशिवाय मला वर्षभर धड डुलकी लागलेली नाही."

लेकीचा जीव असा भांड्यात पडला की ती आधी रडली, मग हसली, मग बापाच्या दंडावर एक चापट मारली. "एक वर्ष! आम्ही एक वर्ष एकमेकांशी भांडतोय!" आणि वळून बसथांब्याकडे ओरडली, "अहो, ऐकलं का? पुलाची भीती होती! नुसती पुलाची!"

"काटेवाले!" मागून ढोलने हाक मारली. सगळे म्हातारे पुलाच्या शेवटाशी खोळंबून उभे होते. "लेकीला नंतर भेट. आधी आम्हाला सोडव."

काटेवाल्यांनी नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि हुकूम दिला, "कदम मिळवा!" आवाज मध्येच फाटला. तरी पाय जुळले.

त्या दिवशी ते लेकीकडे जेवले, आणि जेवता जेवता लाकडाच्या पुलाची, न दिलेल्या हुकमाची गोष्ट पहिल्यांदाच घरच्यांना सांगितली. जावई वर्षभराचं साठलेलं सगळं बोलला, आणि काटेवाले खुर्चीतच गाढ झोपले. संध्याकाळी परत निघायची वेळ आली तशी ते चपला घालण्यात वेळ काढू लागले. जाताना हुकूम होता, मागे माणसं होती. आता काय? जावयाची पाळी होती, त्याने त्यांना आपल्या मागच्याच जागेवर बसवलं. बस खच्चून भरली होती. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. पूल जवळ आला तशी त्यांनी पुढची दांडी धरली आणि डोळे मिटले.

बस हळू झाली. पट्टीच्या अलीकडे जवळजवळ थांबलीच. जावयाने समोरच्या काचेतून रस्ता बघत, प्रवाशांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटलं, "कदम मोडा."

काटेवाल्यांनी डोळे उघडले. बस चालली होती, खालून पूल बारीक थरथरत होता आणि हुकूम देणारा पुढे बसला होता. ते मोठ्याने हसले. शेजारच्या प्रवाशाने बायकोकडे बघून काय झालं म्हणून खूण केली. ती म्हणाली, "काही नाही हो, आमच्या यांचा गुडघा बरा झालाय."